हिरवा आमच्या मशीनमध्ये नसतो

हिरवा रंग आमच्या मशीनमध्ये नसतोच.
चार डबे असतात: निळा, गुलाबी, पिवळा, काळा.
निळ्यावर पिवळा पडला की हिरवा दिसतो.
दिसतो म्हणजे, लांबून.
जवळ जाऊन भिंग धरलं तर नुसते ठिपके.

मेची सोळा तारीख. गाळ्यातल्या कूलरचा वाळा
वाळून काडी झालेला, आणि ऑर्डर घेऊन
कंपनीचे झाडे साहेब आले.
आडनावच झाडे, त्याला ते काय करणार.
चाळीस बाय वीस. स्टार फ्लेक्स. कडेनं आयलेट.
एक वड, वडाखाली झोका, झोक्यावर पोरगी,
आणि आभाळभर: 'आम्ही श्वास पेरतो'.
शेवटच्या अक्षरावर इवलीशी फुली.
फुलीचा खुलासा खाली कुठेच नाही.

मी म्हटलं, साहेब, फुलीचं काही राहून गेलं काय?
तर म्हणाले, शालिक,
तू छापून राहिला की तपासून राहिला?

मी छापून राहिलो.
दुपारी दोनच्या फाईलमध्ये पाच लाख झाडं होती.
चार वाजता दुरुस्ती आली, दहा लाख.
छेचाळीस डिग्रीत, दोन तासांत, पाण्याच्या थेंबाशिवाय
कोणी लावली बाप्पा?
मला स्क्वेअर फुटामागे पैसे भेटतात.
पाच लाखाला जितके, दहा लाखाला तितकेच.

त्या वडाला मी ओळखतो.
गेल्या साली तो सिमेंटवाल्यांकडे होता,
दिवाळीत रिंगरोडच्या बिल्डरकडे,
निवडणुकीच्या तोंडावर त्याच्या बुंध्याशी
भाऊ हात जोडून उभे, मागे 'हरित प्रभाग, माझा शब्द'.
झोक्यावरची पोरगी तेवढी बदलते.
पारंबी एकही वाढलेली नाही.

रात्री मी आणि मोरेश्वर शिडी घेऊन गेलो.
चौकात कडुनिंब आडवा येत होता.
फोन लावला. झाडे साहेब म्हणाले, दिसलं पाहिजे.
मोरेश्वरनं कोयता काढला, मी टॉर्च धरला.
सांगायला बरं वाटत नाही, पण टॉर्च मीच धरला होता.
निंबोण्या टपटप खाली,
पिवळ्या, पिकलेल्या. दोन मी खाल्ल्यासुद्धा.

पावसाच्या आधी बोर्ड उतरला.
जुना फ्लेक्स आम्हाला तसाच भेटतो,
मी तो घडी घालून आईकडे नेला,
राखेच्या बंधाऱ्यापलीकडे.
तिथं वारा फिरला की दारातली रांगोळी ओळखू येत नाही.
आई कुरडया वाळत घालते आणि
दर तासाला फुंकर मारत बसते,
कुरडईच्या एकेका वेढ्यात.
म्हणाली, वरून काही टाकायला आण.

तिनं वड उलटा केला, चित्र वर.
रंग खाण्याले लागते न रे, म्हणाली.
चार बांबूंवर दहा लाख झाडं ताणली.
संध्याकाळपर्यंत वड पांढरा.
दुसऱ्या दिवशी ती त्याला ओल्या फडक्यानं पुसत होती,
आधी पोरीचं तोंड, मग पानं, मग ते वाक्य,
अक्षर अक्षर, जसं लग्नातलं पितळ पुसतात.
फुलीपाशी थांबली. नखानं खरवडली.
डाग वाटला तिला.

महिनाअखेर हिशेब केला.
हिरवंच काम होतं सगळं, तरी काळा आधी संपला.
सावल्यांना लागतो.
वडाखाली, झोक्याखाली, भाऊंच्या पायापाशी
सावली छापावी लागते,
नाहीतर खरं वाटत नाही कोणाला.

परवा भर दुपारी आई त्याच फ्लेक्सखाली बसलेली,
पदरानं मान पुसत.
वर पाहिलं, प्लास्टिकमधून उजेड येतो तर
झाड आतून दिसते, उलटं.
मला म्हणाली, सावली तर पडली रे शालिक,
मंग ऊन कायले लागून राहिलं?

मी काय सांगणार.
मी म्हटलं, लांबून पाय.